कित्ता गिरवला की कॉपी केली?

सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे: ‘कित्ता गिरवणे’चा वाक्यात उपयोग करताना सातवीतल्या मुलाने लिहिलं, ‘परीक्षेत त्याने शेजारच्याचा कित्ता गिरवला.’ बरोबर धरू का?

नका धरू, बाई. शेजारच्याचं बघून पेपर लिहिला तर ती नक्कल, मुलांच्या भाषेत कॉपी.

कित्ता हा मुळात अरबी शब्द, अर्थ ‘तुकडा’. सुलेखनाचा नमुना म्हणून लिहिलेल्या तुकड्यालाही तेच नाव होतं. आपल्याकडे कित्ता म्हणजे पंतोजींनी घालून दिलेली ओळ. तिच्यावरूनच पुन्हा पुन्हा हात फिरवायचा, ते गिरवणं. गिरवून गिरवून अक्षराला वळण लागतं. मराठीत वळण पोराच्या वागण्यालाही लागतं, तेही घरच्यांचं बघूनच. नकलेत समोरचा कागद काढून घेतला की हात अडतो. कित्ता नीट गिरवला असेल तर ओळ पुसली तरी हात चालतो.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात मी हे अगदी जवळून पाहिलं. उस्ताद तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायचं. मग तारेखाली सूत सरकवलं आणि आवाज एकदम खुलला. शेजारी एक पोरगा टाकाऊ घोडीवर तेच करत होता, उस्तादांसारखी मान तिरकी धरून. किती घासायचं हे कळतं कसं, असं विचारलं. उस्ताद म्हणाले, ‘सांगून न्हाई येत ते, बघत बसावं लागतंय.’ हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांत एकोणिसाव्या शतकात ही वाद्यं घडू लागली आणि विद्या अशीच हातून हातात आली. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तो पोरगा आठवला.

वर्तमानपत्रांत ‘घोटाळेबाजांचा कित्ता गिरवला’ असंही येतं. ते चूक नाही. नमुना वाईटही असू शकतो. पण एकदाच केलेल्या गोष्टीला गिरवणं म्हणतात ते मला खटकतं.

तुमच्या विद्यार्थ्याला अर्धा गुण जरूर द्या, वाक्प्रचार त्याने कुठेतरी ऐकून उचललाय. आणि वाक्य बदलून घ्या: ‘थोरल्या बहिणीचा कित्ता गिरवत तोही रोज पहाटे कृष्णेत पोहायला जाऊ लागला.’