सायबीण आमच्या दारावरून पुढे गेली

प्रश्न: ताई, आम्ही वसईचे. मिस्टरांच्या बदलीमुळे दोनेक वर्षांपासून गोव्यात, बार्देस तालुक्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. वसईला दुखणं असो की लग्न, सगळी आळी घरात यायची. इथे चर्चमधली कोकणी मिस्सा (रविवारची उपासना) संपली की जो तो मान हलवून गाडीकडे जातो. यंदा सायबीण, म्हणजे घरोघरी नेतात ती मरिया मातेची मूर्ती, खालच्या मजल्यावरून थेट वरच्या मजल्यावर गेली, आमच्याकडे आलीच नाही. मुलगी रडली. मिस्टर म्हणतात, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली मंडळी) म्हणजे कुटुंब हे फक्त प्रवचनात. शिवाय इथे आपली भाषाही नाही. सासूबाईंचा हट्ट आहे की मुलीचं पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी) वसईलाच व्हावं. काय करू?
– एक वाचक, बार्देस

उत्तर: मुलीला आधी सांगा, सायबीण रुसलेली नाही, यादी जुनी आहे. रोज संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गात गात मूर्ती पुढच्या घरी नेतात, ती यादीच्या क्रमाने. यादी वाड्यावरचंच, म्हणजे गावातल्या त्या वस्तीतलंच, कुणीतरी करतं आणि त्यात ओळखीची घरं येतात. भाडेकरूचं नाव लिहायचं कुणाच्या मनात येत नाही. याला मी निव्वळ विसरभोळेपणा म्हणणार नाही. 'भायल्यां'कडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे, बघायची आम्हा गोंयकारांची एक नजर आहे आणि ती चर्चच्या पायरीवर गळून पडत नाही.

पण हक्क तुमचा आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहिलात की तुम्ही तिथले झालात. त्यासाठी घर स्वतःचं लागत नाही, कोकणीही यावी लागत नाही. पॅरिश ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करा. तुमची बिल्डिंग कोणत्या लहान ख्रिस्ती समुदायात (शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या गटात) येते आणि त्याची बैठक कुणाच्या घरी भरते, तेही विचारून या. रविवारच्या गर्दीत कुणी कुणाचं होत नाही. जे व्हायचं ते वाड्यावर, तिथल्या खुरसाकडे (क्रुसाकडे) होतं.

आमच्या वाड्यावर केरळहून आलेली एक नर्स भाड्याने राहते. मे महिन्यात खुरसाकडे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, असते: व्हायोलिनच्या साथीने लॅटिनमध्ये गायची आणि मग उकडलेले चणे वाटायचे. लॅटिन तिला कळत नव्हतं, आम्हालाही कळत नाही, त्यामुळे तिथे सगळे सारखेच. पहिल्या वर्षी ती मागे उभी राहून ऐकत होती. पुढच्या वर्षी चण्यांचा टोप तिने स्वतःच मागून घेतला. आता वाड्यावरच्या म्हाताऱ्या तिच्याकडून बीपी तपासून घेतात, आणि तिची नाइट ड्युटी असली की तिचा मुलगा त्यांच्यापैकी कुणाकडे तरी झोपतो. तिला आमंत्रण कुणी दिलं नव्हतं, हेही खरं.

जरा आजूबाजूला बघा. बार्देसची मोठमोठी घरं रिकामी होत चालली आहेत. मुलं आखातात, बोटीवर, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. मागे राहते एक सत्तरीची बाई आणि तिचा कुत्रा. तिला औषध आणून द्यायला, मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवायला माणूस हवं असतं. ८ सप्टेंबरला मोंतीचं फेस्त, म्हणजे मरिया मातेच्या जन्माचा सण; त्याआधीच्या नोवेनेला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) मुलं रोज मरिया मातेला फुलं नेतात. मुलीला अशाच एखाद्या आजीच्या परसात फुलं मागायला पाठवा. फुलं मिळतील, वर खायलाही मिळेल.

मिस्टरांना सांगा, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण हे ख्रिस्तावरचं काव्य १६१६ मध्ये इथेच गोव्यात, राचोलला छापलं गेलं, तेही मराठीत. गोव्याच्या चर्चला मराठी परकी नाही. आणि प्रवचनातल्या कुटुंबाबद्दल म्हणाल, तर पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ मध्ये चर्चला कुटुंबांचं कुटुंब म्हटलं होतं. कुटुंब म्हटलं की पंक्तीला बोलवायचा राहून गेलेला भाऊही त्यात आलाच. तो उठून आत येतो आणि पान मागतो.

कम्युनियन मात्र इथेच करा. ज्या मुलांबरोबर ती धर्मशिक्षणाच्या वर्गात बसते, त्यांच्याच रांगेत तिला उभं राहू द्या. वसईला ती एका दिवसाची पाहुणी ठरेल. नाहीतरी बाप्तिस्म्याचा दाखला वसईच्या पॅरिशमधून आणावा लागणारच. तो घेऊन यायचं काम सासूबाईंवर सोपवा, आणि परतीचं तिकीट इतक्यात काढू नका म्हणावं.