फोटो काढल्याची तारीख प्रणालीत कशी आणावी?

प्रश्न : रस्तेकामांचे सुमारे चार हजार फोटो दस्तऐवज प्रणालीत चढवले, तर सगळ्यांवर चढवल्या दिवसाचीच तारीख पडली. आता एकेक नोंद हाताने दुरुस्त करायची का?

उत्तर : मुळीच नको. प्रणालीने फाइलची तारीख उचलली आहे. फोटो काढल्याची वेळ फोटोच्या आत, 'डेटटाइमओरिजिनल' या एक्झिफ नोंदीत असते (एक्झिफ म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेली माहिती). एक्झिफटूल हे मोफत साधन मूळ फोल्डरवर उपफोल्डरांसकट चालवा आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी, काढा. हीच यादी मग प्रणालीत आयात करायची. फाइलचा पत्ता, वेळ, अक्षांश, रेखांश एवढे रकाने पुरेत.

आयात करताना गाडी अडते ती तारखेच्या मांडणीपाशी. एक्झिफमध्ये ती २०२३:०५:१४ अशी असते. प्रणालींना सहसा २०२३-०५-१४ लागते. ती यादी काढतानाच एक्झिफटूलच्या 'डी' (-d) पर्यायाने बदलून घ्या. अक्षांश दशांशात हवेत म्हणून सोबत 'एन' (-n) पर्याय देण्याचा मोह होईल, पण मग 'डी' निकामी होतो. त्याऐवजी फक्त अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांच्या नावांच्या शेवटी # जोडा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. तारखांची मांडणी तो आपल्या मर्जीने बदलतो.

आधी दहा फोटोंवर करून पाहा. वेळेचा रकाना रिकामा आला, तर ते फोटो बहुधा व्हॉट्सअॅपवरून आलेले आहेत. तिथे फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ गळून पडते, आणि गेलेली माहिती कोणतेही साधन परत आणत नाही. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.