बसण्याआधी घोडा बघा! वाचकांचे प्रश्न, घोडेस्वारी विशेष

पाऊस ओसरला की ठाणे, नवी मुंबईतून कर्जत, नेरळ, मुरबाडकडे विकेंडच्या गाड्या वळतात, आणि ह्या वेळी तुमचे बरेचसे प्रश्न गावाकडच्या घोडेस्वारीचे आलेत. सगळे छापणं शक्य नाही, त्यातले निवडक घेतलेत. दोन-तीन जणांचा प्रश्न साधारण एकच होता तिथे एकत्र उत्तर दिलंय.

प्रश्न : ताई, माझं वजन ८४ किलो आहे. मैत्रिणींसोबत बदलापूरच्या पुढे एका फार्मवर घोडेस्वारीला जायचा प्लॅन आहे पण मला भीती वाटते की घोड्याला त्रास होईल. जाऊ की नको? (वाचक, घोडबंदर रोड)

हा विचार तुमच्या मनात आला ह्याचंच मला फार बरं वाटलं. जाऊ शकता, फक्त घोडा तुमच्या मापाचा पाहिजे. जगभर साधारण असं धरतात की स्वार, खोगीर, पाठीवरची बॅग, पाण्याची बाटली असं सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. खोगीर आठ-दहा किलोचं असतं, म्हणजे तुमचा आकडा ९३-९४ वर जातो, त्याला ५०० किलोच्या आसपासचा रुंद हाडाचा घोडा लागेल. आपल्याकडे पर्यटकांना फिरवणारी छोटी तट्टं पुष्कळदा २५०-३०० किलोचीच असतात, त्यांच्यावर खोगीर धरून ५०-६० किलोच्या वर बसूच नये, मग मालक कितीही म्हणू दे की "काही होत नाही मॅडम, बसा".

फार्मवर वजनकाटा नसतोच, पण शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे कुल्ल्याच्या, टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत अंदाज येतो. घेर १८० आणि लांबी १६० भरली तर घोडा साधारण ४३६ किलोचा, त्याच्यावर सगळं धरून ८७ किलो, म्हणजे हा तुमच्यासाठी नाही. आणि चढताना खालून रिकिबीत (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) पाय घालून लटकू नका, त्याने खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो, ओट्यावरून किंवा मोठ्या दगडावरून चढा.

प्रश्न : मी माथेरानला गेलो होतो तेव्हा काही घोडे फार थकलेले वाटले. घोडा चांगल्या स्थितीत आहे की नाही हे आमच्यासारख्याला कसं कळणार? की अशा ठिकाणी बसूच नये? (वाचक, कोपरखैरणे)

ह्या प्रश्नाला मी जास्त जागा देतेय कारण बाकी सगळं ह्याच्यावर आहे. माथेरानला दस्तुरीच्या वाहनतळापुढे खासगी गाड्या जात नाहीत त्यामुळे माणसं आणि सामान वर्षानुवर्षं घोड्यांवरून जात आलंय, कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, म्हणून "बसूच नका" असं मी म्हणणार नाही. पण घोडा निवडणं आपल्या हातात असतं.

आधी लांबून बघा. बरगड्या हाताला लागल्या तर चालतं पण डोळ्यांना एकेक मोजता येत असतील, कमरेची हाडं वर आली असतील तर तो घोडा नको. मग मालकाला सांगा की थोडं कडक जमिनीवर चालवून दाखवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं झटकन वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो, हे एकदा लक्षात आलं की लगेच दिसतं.

मग जवळ जा, डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. एकदम समोरून किंवा मागून नाही, कारण नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, आणि दचकलेला घोडा दुगाण्या झाडतो. कान मागे चिकटवले असतील तर थांबा. खोगीर उचलून दाखवायला सांगा, लाजू नका. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जिथे आवळतात तिथे केस गेलेत का, ओली जखम आहे का. पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर बहुतेक जुनी जखम भरलेली असते, खोगीर बसत नाही ह्याची ती खूण. ओठांचे कोपरे लगामाने फाटलेत का तेही बघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, उभीच राहिली तर पाणी कमी पडलंय. हिरड्या ओलसर गुलाबी असाव्यात. आरामात उभा असलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो, फेरी मारून आलेला घोडा बराच वेळ उभा राहूनही धापा टाकत असेल तर त्याला अजून विश्रांती द्यायला सांगा. शेवटी खूर. नाल हलतेय का, खुराला चीर आहे का. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी यायला लागतो, शेवटचा कधी आला होता विचारा, ज्याला जनावराची काळजी आहे तो माणूस हे खुशीने सांगतो आणि वर घोड्याचं नाव, वय, खोड्या पण सांगतो.

कायद्याचंही माहिती असू द्या. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात दिवसाला एकूण ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो त्या भागात दुपारी १२ ते ३ काम नाही. आणि एक माझं कळकळीचं सांगणं, घासाघीस करू नका. शंभर रुपये पाडून घेतले की ते भरून काढायला त्याच घोड्याची एक फेरी वाढते. चंदी (घोड्याचा खुराक), नाल, औषध सगळं त्याच पैशातून येतं.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, कोणीच कधी घोड्यावर बसलेलो नाही. कर्जतला भात कापून झालेल्या शेतातून घोडे फुल स्पीड पळवायचेत, व्हिडिओ पण काढायचेत. काय तयारी करू? (वाचक, ऐरोली)

दादा, पहिल्या दिवशी पळवायचं नाही. घोडा कळपातला प्राणी आहे, एक पळाला की बाकीचे चार त्याच्या मागे पळणार, तुम्ही लगाम कितीही ओढा. आणि कापलेलं शेत लांबून मैदान दिसतं पण त्यात बांध असतात, उंदीर-खेकड्यांची बिळं असतात, चौखूर सुटलेल्या घोड्याचा पाय त्यात गेला तर त्याचा पाय मोडतो, आणि पाय मोडलेला घोडा बहुतेक वेळा वाचत नाही. घाबरलेला नवशिका हमखास काय करतो तर दोन्ही हातांनी लगाम ओढतो आणि त्याच वेळी पायांनी पोट आवळून धरतो, म्हणजे एकीकडे थांब आणि दुसरीकडे पळ, वर ओरडतो. त्यापेक्षा मागे टेकून जड बसायचं, टाचा खाली, आणि एकाच बाजूचा लगाम हळूहळू घेत घोड्याला मोठ्या गोलात वळवायचं, गोल लहान होत गेला की वेग उतरतो. हे रिंगणात शिकवणाऱ्यासमोर करून बघायचं असतं, वाचून येत नाही.

म्हणून आधी रिंगणात शिका. चाल, मग दुडकी (हलकी धाव), दुडकीत तालावर उठबस, मांड म्हणजे खोगिरातली बैठक पक्की झाली की पुढचं. महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, तिथे शिकवतात, पण तुम्हाला तेवढं लांब पडत असेल तर जवळच्या कुठल्याही शाळेत जाऊन एक क्लास नुसता उभं राहून बघा, शिकवणारा घोड्यावर ओरडतो की बोलतो ते कळेल. तोवर कर्जतला जरूर जा, पण चालीने. ताशी सहा-सात किलोमीटर होतात, दीड तासात नदीकाठ, माळ, पाड्यावरची भाताची उडवी असं सगळं नीट बघून होतं. व्हिडिओ खाली उभ्या असलेल्या माणसाला काढू द्या, मोबाईल हातात घेऊन लगाम धरता येत नाही.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची आहे, घोड्याचं प्रचंड वेड. मी तिला पुढ्यात घेऊन बसले तर चालेल का? (वाचक, खारघर)

नको. एका खोगिरात दोघं बसलं की तोल आणि वजन दोन्ही बिघडतं, आणि पडताना तुम्ही तिच्या अंगावर पडाल. तिला एकटीला शांत, वयस्क तट्टावर बसवा, दोर धरून माणूस शेजारी चालू दे. हेल्मेट स्वारीचंच घ्या, मागून डोकं झाकणारं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं. बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही, सँडल किंवा सपाट स्पोर्ट्स शूज नकोत. पाऊल पुढच्या चवड्यापर्यंतच आत. पडू नये म्हणून तिला खोगिराला ओढणीने बांधायचा सल्ला कोणी दिला तर तिथून परत या. आणि घरी आल्यावरही एवढं वेड असेल तर तिला खरारा करायला (घोड्याचं अंग घासून साफ करायला) शिकवणारी जागा शोधा, मुलं त्यात जास्त रमतात.

प्रश्न : वय ६१, गुडघे कुरकुरतात. ह्या वयात जमेल? (वाचक, नौपाडा)

जमेल काका, चालीची स्वारी जमते. पण हाडं ठिसूळ झाली असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. रिकीब थोडी लांब ठेवायला सांगा, गुडघा कमी वाकतो, आणि उतरताना उडी मारू नका, ओट्यावरच उतरा.

प्रश्न : पावसात हिरवळ असते तेव्हा गेलं तर? आणि इंजेक्शन वगैरे घ्यावं लागतं का? (वाचक, कळवा)

भर पावसात मी तरी सांगणार नाही, आपल्याकडची लाल माती आणि जांभा ओला झाला की नाल सटकते. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळची वेळ उत्तम. इंजेक्शन म्हणाल तर धनुर्वाताचं बघून घ्या, त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, शेवटचा डोस घेऊन १० वर्षं झाली असतील तर जायच्या आधीच फॅमिली डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तिथे खरचटलं तर जखम साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी दाखवा.