रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर पुराणवस्तूंच्या जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा का? नोकरी मिळते का?

‘घरचे म्हणतात, एवढे शिकून जुनी भांडीच घासायची का?’ हे तुमच्या प्रश्नातील वाक्य वाचले आणि उत्तर लिहायला बसलो. नाशिकच्या भांडी बाजारातील आमच्या दुकानात, गल्ल्यावर बसून, चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या थोरल्या काकांनी मला हेच वाक्य ऐकवले होते.

आमच्या देवघरात विष्णूची वीतभर उंचीची जुनी मूर्ती आहे. घरात ती पंचधातूची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्यात तांबेच अधिक असावे. पुराणवस्तूंच्या जतनाच्या एम.ए.चे पहिले वर्ष संपवून मी सुटीत घरी आलो, तेव्हा मूर्तीच्या पाठीकडच्या खाचांत, जिथे रोजच्या पुसण्याचा हात पोहोचत नाही, मला फिकट पोपटी रंगाचे ठिपके दिसले. काडीने टोकरले की त्यांची भुकटी पडत होती. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला घट्ट, गडद थर धातूला राखतो. ही भुकटी मात्र धातू खाते. आत अडकलेल्या क्लोराइडला दमटपणा आणि ऑक्सिजन मिळाला की आम्ल तयार होते, ते खालच्या कोऱ्या धातूवर चालून जाते आणि हे चक्र थांबत नाही. आमच्या क्षेत्रात याला ब्राँझचा रोग म्हणतात.

मी सांगितले की आधी छायाचित्रे काढू, ठिपक्यांची नोंद करू, भिंगाखाली भुकटी अलगद काढू आणि पावसाळाभर मूर्ती ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात कोरडी ठेवू. काका म्हणाले, “वर्षभर दिल्लीत राहून फोटो काढायला शिकलास होय?” दसऱ्याच्या आधी त्यांनी दुकानातील माणसाकडून मूर्ती चिंच आणि मीठ लावून घासून घेतली. ती सोन्यासारखी लखलखली आणि आल्यागेल्याला दाखवली गेली. चिंचेतील आम्लाने होता तो संरक्षक थर गेला, आणि मीठ म्हणजे कोणते क्लोराइड, हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्या श्रावणात ठिपके त्याच जागी, पूर्वीपेक्षा खोल उमटले आणि पीठावरील कमळाच्या दोन पाकळ्यांच्या कडा झडल्या. काकांच्या मते मूर्तीला ‘हवा बाधली’.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, हे तुम्हाला नाशिककर म्हणून ठाऊक असेल. ती क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. नव्या छापाखाली नहपानाच्या चेहऱ्याची जी पुसट रेषा उरली आहे, तीच सातवाहनांच्या विजयाचा पुरावा. त्या नाण्यांवर आमच्या दुकानातील ब्रश फिरला असता, तर चांदी तेवढी चकाकली असती. कोठे हात लावायचा नाही, हे ठरवायला शिकण्यासाठी दोन वर्षे लागतात, आणि ती वाया जात नाहीत.

आता तुमचा प्रश्न. अभ्यासक्रम अवश्य करावा, परंतु केवळ रसायनशास्त्राच्या भरवशावर नाही. ज्याला रेखाटन करता येत नाही आणि जो नोंदी लिहायचा कंटाळा करतो, त्याने या वाटेला जाऊ नये. दिल्लीतील राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ पासून हे शिक्षण देत आली. तिचा वारसा आता नोएडातील भारतीय वारसा संस्थेकडे आहे. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा प्रशिक्षणासाठी चांगली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील कला संवर्धन केंद्राचे काम प्रवेशापूर्वी पाहून या. त्याहीआधी अंजनेरीचे नाणे संग्रहालय पाहा. ते तर घराजवळच आहे.

नोकरीबद्दल सांगायचे तर कायम जागा थोड्या असतात. मला पहिली काही वर्षे कंत्राटी कामांवर काढावी लागली आणि त्या काळात दुकानातील पोराचे उत्पन्न माझ्यापेक्षा जास्त होते, हे काका आजही सांगतात. घरात दुसरे कमावते माणूस नसेल, तर वर दिलेला माझा सल्ला जरा हात राखून घ्यावा.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. मूर्ती पूजेतली होती. चालत्या पूजेतील देव चार महिने डब्यात ठेवा, असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. घरच्यांशी बोलून दुसरा मार्ग काढायला हवा होता, आणि तो निघालाही असता. परंतु मूर्ती चिंच-मिठाने घासण्याच्या वादात काकांनी रूढीचा आधार घेतला होता, म्हणून एवढेच विचारतो: पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर असते, त्यात मीठ कधीपासून आले?