माउंट रशमोरचं काम पुरं कोणी केलं?

प्रश्न : अमेरिकेतल्या माउंट रशमोर डोंगरावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारे गट्झन बोर्ग्लम मूळचे डेन्मार्कचे होते का? काम चालू असतानाच ते वारले, मग पुढे कोणी केलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गट्झन जन्मले अमेरिकेतच, १८६७ साली आयडाहोत. डेन्मार्कहून आले ते त्यांचे आईवडील. वडील आधी लाकडावर कोरीवकाम करायचे, मग वैद्यकी शिकले आणि नेब्रास्कात डॉक्टरकी करू लागले. कोरण्याचा नाद मात्र दोन मुलांत उतरला. धाकटे सोलोनही शिल्पकार झाले. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट गावात त्यांचा ब्राँझचा घोडेस्वार आहे. घोड्याच्या अंगातली ओढ पकडण्यात मी तर सोलोन यांनाच उजवं मानते.

रशमोरचं काम १९२७ मध्ये सुरू झालं. गट्झन मार्च १९४१ मध्ये गेले आणि मुलगा लिंकन याने ऑक्टोबरपर्यंत ते आटोपतं घेतलं. मूर्ती कमरेपर्यंत करायचा बेत होता, पण पैसाच संपला. लिंकनचं नाव सहसा कोणी घेत नाही, याचं मी मूर्तिकाम शिकवत असल्यामुळे मला फार वाईट वाटतं. तो काही ऐन वेळी येऊन उभा राहिला नव्हता. मापं उतरवण्यापासून सगळं काम तो डोंगरावरच शिकला होता. ही मापं घ्यायची रीत अशी : नमुन्यावरचा एक इंच म्हणजे डोंगरावरचा एक फूट. नमुन्याच्या डोक्यावर फिरता दांडा, दांड्याला ओळंबा. ओळंबा नाकाच्या शेंड्याशी आणायचा, दांड्याचा कोन आणि अंतरं टिपायची. डोंगरमाथ्यावर तसाच मोठा दांडा असे. तिथे कोन तोच, अंतरं बारापट. बहुतेक दगड सुरुंगाने उडवत. शेवटच्या काही इंचांत एकमेकांलगत भोकं पाडून दगड हाताने फोडत. साठ फुटी चेहऱ्यात इथे हात चुकला तर भरून काढायला काही नसतं. जेफरसन यांचा चेहरा आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता. दगड खराब निघाला, म्हणून ते काम उडवून इकडे नव्याने सुरू केलं.

या घराण्याचं कौतुक करताना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. गट्झन यांचे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेशी संबंध होते. आणि हे डोंगर तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांना पवित्र. १८६८ च्या करारात ते त्यांच्याकडे राहतील असं लिहून दिलं होतं, तरी सरकारने नंतर ते काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण लाकोटांनी तो पैसा घेतलेला नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.