खेड्यातून बीएस्सी झालेल्या मुलानं विषशास्त्र आणि जीनोमिक्समध्ये (सगळ्या जनुकांच्या एकत्र अभ्यासात) करिअर करावं का?

करावं. आणि प्रश्नातलं ‘खेड्यातून’ काढून टाका. विष तुम्ही शहरातल्या पोरांपेक्षा जास्त जवळून पाहिलेलं असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ च्या हंगामात आमच्याकडे फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली. आमच्या वावरात सालदार आणि त्याचा भाचा एकाच ड्रमातली दवाई मारत होते. दुपारी सालदार धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. भाचा ठणठणीत. ॲट्रोपिन हा उतारा देऊन देऊन पाचव्या दिवशी माणूस बोलायला लागला. मोठे बाबा अजूनही म्हणतात, “त्याचीच चूक. हात न धुता तंबाखू खाल्ला असन.”

मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. क्लोरपायरीफॉससारख्या फवारणीच्या औषधाचं शरीरात आणखी जहाल रूप तयार होतं. ते तोडणारं एन्झाइम पॉन-वन या जनुकावरून बनतं, आणि त्याची ताकद माणसामाणसांत कितीतरी पटीनं वेगळी असते. हे विष नसांमधलं जे एन्झाइम बंद पाडतं, त्या कोलिनएस्टरेजचंही तसंच. हंगामाआधी रक्त तपासून आकडा लिहून ठेवला नसेल, तर नंतर किती घसरलं हे नीट कळत नाही. गावोगाव ही तपासणी व्हायला पाहिजे. तंबाखूवर खापर फोडणं फुकटात होतं, म्हणून तेच चालतं.

रस्ता सगळ्यांना माहीत आहे: एमएस्सी, नेट परीक्षा, मग जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती. तिचे महिना ३७,००० मिळतात. लखनौची आयआयटीआर ही सरकारी संशोधन संस्था १९६५ पासून विषशास्त्राचंच काम करते, तिथे अर्ज करा. ‘आर’ किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि स्टॅटिस्टिक्स आत्ताच धरा. नुसतं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) येतं म्हणून जीनोमिक्समध्ये कुणी घेत नाही. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटू शकते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

एक मात्र सांगायला पाहिजे. सालदाराची जनुकं कुणी तपासली नाहीत, त्यामुळे त्याच्या बाबतीत पॉन-वनचं नाव मी घेऊ शकत नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, तो मीच सोडवला. पंप गळत होता. पंप आमचा. वायसर बदला, असं त्यानं मोठ्या बाबांना पोळ्याच्या आधीच सांगितलं होतं.