सड्यावरच्या पाणथळीला जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

साताऱ्याच्या पश्चिमेला, कास किंवा चाळकेवाडीच्या बाजूला, एखादी लहानशी पाणथळ बघायची असं तू लिहिलंस. रविवार टाळ, मधल्या वारी जा. फुलांच्या हंगामात कासलाच जाणार असशील तर आधी ऑनलाइन नोंदणी करून घे. तिथे रोज किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं आणि वाटाही आखून दिलेल्या असतात. पण पहिल्या खेपेला कास नकोच असं मला वाटतं. गर्दी नसलेला एखादा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, बघ, गावात विचारून परवानगी घे आणि दोन-तीन गुंठ्यांची पाणथळ निवड. तेवढी एका सकाळी नीट बघून होते. मोठी असली की माणूस नुसता फिरत राहतो.

पाणी तिथे का थांबतं ते आधी समजून घे, म्हणजे पाय कुठे ठेवायचा ते कळेल. हे सडे जांभ्याचे आहेत आणि त्याखाली काळा कातळ. वरचा जांभा टणक असतो. त्यावर माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे अजिबात नाही. पावसाळ्यात मुरायला फारशी जागा नसलेलं पाणी मातीच्या या पातळ थरातून सखल भागाकडे सरकतं. तिथून बाहेर पडायला बहुतेक वेळा एकच अरुंद तोंड असतं, म्हणून ते साठून राहतं. सततच्या पावसानं मातीतली पोषकद्रव्यं धुऊन जातात, नायट्रोजन तर फारच कमी उरतो. इथल्या काही वनस्पती किडे धरून खातात त्या याच कारणानं.

आता अशा मातीत पाय पडला तर काय होतं बघ. मुळांची जाळी फाटते, माती दबते आणि खड्ड्यात पाणी धरतं. मागून येणारा त्याच ठिकाणी पाय टाकतो. खड्डे एकमेकांना जोडले जाऊन चारी होते. ती उताराच्या दिशेनं गेली तर पाणथळीचं पाणी मातीसकट तिथून निघून जातं. कातळावर ती माती पुन्हा साठायला कित्येक पिढ्या जातील. पवनचक्क्यांसाठी सड्यावर काढलेल्या रस्त्यांनीही हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालचं अंग हंगामाच्या आधीच सुकतं. असा रस्ता लागला तर त्याच्या दोन्ही बाजूंची झाडोऱ्यातली तफावत मुद्दाम बघून ठेव.

म्हणून पाणथळीच्या मधोमध जायचं नाही. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाकडून जवळ जा, कारण तिथली माती वाहून गेल्यामुळे दगड उघडा असतो. तिथून उघड्या दगडावरूनच कडेकडेनं फिर. काळा, चकचकीत दगड शेवाळलेला असतो आणि त्यावरून हमखास पाय घसरतो. करडा, खरखरीत दगड पाय धरतो. हिरवळ सपाट आणि एकसारखी दिसली की ती घट्ट जमीन समजू नकोस. आधी काठी टेकवून बघ.

काठी पाच फुटांची घे आणि तिच्यावर खालून दर दहा सेंटीमीटरला रंगाचा पट्टा मार, म्हणजे आधारही होतो आणि पाण्याची खोलीही मोजता येते. गमबूट नकोत. शेवाळावर ते घसरतात आणि त्यांचा ठसाही खोल पडतो. घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट आणि लांब मोजे घाल, पँट मोज्यांत खोच. निघण्याआधी बुटांचा तळ घरीच घासून धू. गाजरगवत आणि रानमोडी या तणांचं बी बुटांच्या चिखलातून सड्यावर पोचतं. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, अंगभर रेनकोट घे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी प्लास्टिकची बशी, पेन्सिल आणि वही एवढं पुरे. शाईचं पेन धुक्यातसुद्धा फुटतं.

जागेवर पोचलीस की अर्धा तास एकाच दगडावर बस. मग कडेपासून आतल्या बाजूला डोळ्यांनीच एक रेघ ओढ आणि तिच्यावर काय काय बदलतं ते लिही. पाणथळीत दोन-चार सेंटीमीटर खोलीच्या फरकानं वनस्पती बदलतात. सगळ्यात बाहेर, माती नावालाच असते तिथे, शेवाळ आणि बारकं गवत. मग बोटभर मातीवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत असतो तो पट्टा. सगळ्यात जास्त वेळ इथेच दे. निळी-जांभळी सीतेची आसवं इथे दाटीनं उगवतात, आणि त्यांच्यातच पांढऱ्या गोल डोक्यांचे गेंद. सीतेच्या आसवांना खरी मुळं नसतात. ओल्या मातीत त्यांच्या धाग्यांवर तिळाहून लहान पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी असलेल्या केसांना सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं, डोळ्याला दिसत नाही. पिशव्या बघायच्या म्हणून झाड उपटायचं नाही. पाण्यानं मोकळा झालेला एखादा धागा कडेला सापडतो, तो बशीत घेऊन भिंगाखाली बघ आणि परत ठेव.

याच पट्ट्यात दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती शोध. एक जात रुपयाच्या नाण्याएवढी, लालसर, जमिनीला चिकटून वाढणारी. दुसरी, गवती दवबिंदू, उभी आणि अरुंद पानांची, आजूबाजूच्या गवतात सहज हरवणारी. खाली वाकून उजेडाकडे तोंड करून पाहिलंस तर पानांवरचे चिकट थेंब चमकतात आणि मग एकामागून एक दिसायला लागतात. फुलं ऊन असताना थोडाच वेळ उघडी राहतात, म्हणून नऊच्या आत पोच.

पाणी वीतभर साठतं त्या डबक्यांत वायतुरा मिळू शकतो. त्याचा कंद तळाशी असतो आणि पाण्याबाहेर दोन फाट्यांचा तुरा येतो. तो सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांवरच आढळतो. त्याचं नेमकं ठिकाण फोटोसोबत कुठेही टाकू नकोस, फोनमधली स्थळनोंदही बंद ठेव. सप्टेंबरच्या शेवटी पाणी उतरू लागलेल्या सपाट खळग्यांत जांभळी मंजिरी गालिच्यासारखी पसरते. लोक फोटोसाठी नेमके तिच्यातच उतरतात. तू दगडावरून झूम कर.

गेंदांची जात ठरवायच्या मागे लागू नकोस. बऱ्याच वेळा त्यासाठी फुलाचे भाग आणि बिया सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. ‘गेंद, डोकं अमुक मिलिमीटर, पाणी तमुक सेंटीमीटर’ एवढी नोंद प्रामाणिक आणि पुरेशी आहे. अंदाजानं लिहिलेलं नाव पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेला लावतं.

उघड्या दगडावरच्या पाण्याच्या खळग्यांतही डोकाव. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांत पाठीवर उलटे पोहणारे, नखाएवढे, पारदर्शक जीव दिसतात. ते कोळंबीचे दूरचे नातेवाईक आहेत. त्यांची अंडी उन्हाळाभर सुक्या मातीत टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. हाताला डास पळवायचं मलम किंवा सनस्क्रीन असेल तर पाण्याला हात लावायचा नाही आणि बेडकाला तर नाहीच. बेडूक कातडीतून श्वास घेतो, मलम त्याच्या अंगात जातं. जळू लागली तरी पाणथळीजवळ मीठ काढायचं नाही. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ते सोडव, मग दुसरं टोक. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. दगड उचलून बघायचा मोह आवर, सड्यावर फुरसं असतं.

गुराखी भेटला तर थांब आणि बोल. पाणी कधी आटतं, म्हशी कुठे लोळतात, गवत कधी कापतात हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. चरणारी गुरं म्हणजे पाणथळीचा नाश, असं धरून चालू नकोस. गवत आखूड राहिलं तरच आसवं आणि दवबिंदूंसारख्या बुटक्या झाडांना ऊन मिळतं. कासला कुंपण आणि चराई यांवरून जी चर्चा झाली तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

सड्यावर सर्वांत मोठा धोका विजेचा, विशेषतः सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या दुपारी. सपाट जागेवर सगळ्यांत उंच वस्तू तूच असतेस. दुपारी एकच्या आत परत फिर. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच गाडीत किंवा पक्क्या घरात जा, एकट्या झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नकोस. धुकं उतरलं तर उलटं कर, असशील तिथे बसून राहा. पठाराच्या कडेला सरळ कडा असतो आणि धुक्यात तो दोन पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

शक्य झालं तर तीच पाणथळ मार्चमध्ये पुन्हा बघ. तेव्हा मातीची जाडी लोखंडी सळईनं दहा ठिकाणी मोज आणि पावसाळ्यातल्या नोंदीशेजारी लिही. कोणती वनस्पती कुठे होती याचं अर्धं उत्तर त्या दहा आकड्यांत मिळेल.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नकोस, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण अशा जखमेतून होते. परत आल्यावर साबणानं अंग धू आणि कपडे गरम पाण्यात टाक. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, किंवा काखेत, कमरेशी काळ्या खपलीचा व्रण दिसला (ही स्क्रब टायफस या तापाची खूण), तर डॉक्टरांना ‘सड्यावर चिखलात आणि गवतात होते’ हे आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही, आणि दोन्ही आजारांवर औषध लवकर सुरू झालेलं बरं.